उजवीकडची चकती

नारबांच्या कानावर थर्मामीटर असायचं. सुतार पेन्सिल ठेवतो तसं. तेही तापाचं छोटं नव्हे, प्रयोगशाळेतलं, एकशे दहा अंशांपर्यंतचं, चांगलं वीतभर लांब. त्यामुळे दारातून जाताना ते मान किंचित वाकडी करत. नवीन माणसाला वाटे, हे आपल्याला मान देताहेत.

चहा आला की थर्मामीटर आधी पेल्यात जायचं. "अठ्ठावन," ते म्हणायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. साठ असला तर थांबायचे, पन्नास असला तर चहा परत. कँटीनवाल्याने एकदा न राहवून विचारलं, "ओ नारबांनू, चाय बरी आसा की नाय, तेवढा सांगा." नारबा म्हणाले, "बरी म्हणजे किती?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. दुसरं वाक्य त्याच्या पाठोपाठ यायचं, "आकडो सांगा." बरा, वाईट, पुष्कळ, थोडं, लवकर, उशिरा हे सगळे शब्द त्यांच्या मते माणसांनी एकमेकांना फसवण्यासाठी काढलेले होते. कुडाळच्या बाजारात बांगडेवालीने "ताजे आसत" म्हटलं की हे विचारणार, "किती वाजता होडयेतसून उतारले?" ती बाई यांना लांबून पाहूनच टोपलीवर फडकं टाकायची. ताप आला म्हणून प्रॅक्टिकल चुकवणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी आला की त्याला "किती होतो?" असं विचारून ते जागच्या जागी घाम फोडत.

नारबा आमच्या कॉलेजात लॅब असिस्टंट होते. हा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती आणि कॉलेजही नवंच होतं. मी घाटावरचा, मिरजेकडचा, वनस्पतिशास्त्र शिकवायला आलेला. अंगात एम. फिल.ची घमेंड आणि डोक्यात विषय पक्का, तिरफळाच्या तेलाचे औषधी गुण. माशाच्या आमटीत घालतात ते तिरफळ. बी टाकून द्यायचं आणि वरची साल वापरायची, हे मला इथे आल्यावर कळलं. त्याआधी मी महिनाभर बियाच जमवत होतो. नारबांनी मला हसून दाखवलं नाही. फक्त म्हणाले, "सर, किती किलो जमवलास?" आकडा सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आम्ही सालीचं तेल काढायला लागलो. पाण्याच्या वाफेवर साल शिजवायची, वाफ थंड करायची, वर तरंगणारं तेल थेंबाथेंबाने गोळा करायचं. कॉलेजभर बांगड्याच्या आमटीचा वास, आणि आमटीचा पत्ता नाही. अकराच्या तासाला मुलांची पोटं वाजायची. प्राचार्यांनी मला बोलावून "हे किती दिवस चालणार?" असं विचारलं, तेव्हा मागे उभे असलेले नारबा खूश झाले. साहेबांनी पहिल्यांदाच आकडा मागितला होता.

तेल जमलं. आता ते जंतू मारतं का, ते पाहायचं. पद्धत साधी. काचेच्या चपट्या बशीत अगरची खळ ओतायची, ती गोठली की तिच्यावर जंतू पसरायचे, वर तेलात बुडवलेली कागदाची बारकी चकती ठेवायची आणि बशी अंगाच्या उबेइतक्या उबेत एक दिवस ठेवायची. तेल चांगलं असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ वलय दिसतं. वलय जितकं मोठं तितकं तेल जोरदार. चकत्या आम्ही ऑफिसातल्या पंचिंग मशीनने पाडल्या आणि बशा कुकरमध्ये उकडल्या.

जंतू मी कोल्हापूरहून मागवणार होतो. पण एका सकाळी नारबांनी खिशातून एक काचेची नळी काढून टेबलावर ठेवली. आत कापसाचा बोळा.

"पू आसा," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यातसून हाडलंय. डॉक्टरांका इचारान."

"कोणाचा?"

"आसा एक पाय."

त्यापुढे ते बोलेनात. मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. वालावलच्या पुढे, खाडीकाठच्या वाडीत बाबल नावाचा एक माणूस. खाडीत कालवं काढताना शिंपल्याने तळपाय कापला. अंगात साखर, जखम भरेना, आता पाय घोट्यापर्यंत काळवंडत चाललेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, परवा सकाळपर्यंत गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्या, नाहीतर पाय जाईल आणि पायाबरोबर माणूसही. त्यांनी जीपसुद्धा ठरवून दिली होती. पण बाबल हटून बसला होता. घरात तिरफळाचं तेल लावतो, तेवढं पुरे.

"तेका आकडो दाखवक व्हयो," नारबा म्हणाले. "तेल किती, इस्पितळातला औषध किती. उद्या सकाळी आकडो गावलो तर जीप सुटाच्या आधी पोचतलो."

मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, बरं झालं, जिवंत माणसाचे जंतू मिळाले, प्रबंधाला वजन येईल. माझा जीव वलयात अडकला होता, पायात नव्हता.

नारबांनी तीन बशा मांडल्या. "एक आकडो म्हणजे आकडो न्हय." प्रत्येकीत दोन चकत्या, एक तिरफळाच्या तेलाची, दुसरी साध्या खोबरेलाची, म्हणजे फरक कळावा. चौथ्या बशीत इस्पितळातल्या औषधाची चकती. मग त्यांनी काचेवर लिहायच्या पेन्सिलीने बशांवर खुणा केल्या. तिरफळाच्या बाजूला 'उ', खोबरेलाच्या बाजूला 'डा'.

"हे काय?"

"उजवो, डावो."

"नारबा, गोल बशीला उजवं-डावं कुठून आलं? एक आणि दोन लिहा."

"माका असाच समाजता," ते म्हणाले. आकड्यांसाठी जीव टाकणाऱ्या माणसाने तिथे मात्र आकडे लिहिले नाहीत.

ही खोड कुठली ते मला ठाऊक होतं. नारबा गुरवाच्या घराण्यातले. इकडच्या देवळांत कौल लावतात. कोणी अडचणीत सापडला की देवाला विचारतो, हे करू की नको. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको. नारबांनी तरुणपणी हे काम केलं होतं आणि एके दिवशी सोडून दिलं होतं. का, ते कुणाला माहीत नव्हतं. देवळावरून जाताना ते चप्पल काढत, हात जोडत, पण पायरी चढत नसत.

दहा वाजता बशा उबेच्या पेटीत गेल्या. अकराला लाईट गेली.

अर्धा तास आम्ही वाट पाहिली. पेटीतला पारा उतरायला लागला. "पस्तीस," नारबा म्हणाले. "चौतीस." मी म्हटलं, जाऊ दे, उद्या परत लावू. ते माझ्यावर एवढे खेकसले की मी दोन पावलं मागे सरलो. "उद्या? त्या पायाक उद्या आसा?"

मग त्यांनी सदरा काढला. चारही बशांची झाकणं चिकटपट्टीने बंद केली, बशा उपड्या करून ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवल्या. बशा उपड्याच ठेवायच्या असतात, नाहीतर झाकणाला जमलेलं पाणी जंतूंवर ठिबकतं. डबा पोटाशी धरला, वरून पंचा गुंडाळला, त्यावर सदरा, त्यावर मफलर. थर्मामीटर काखेत घातलं. "छत्तीस पॉइंट आठ. चलता."

त्या दिवशी नारबा संध्याकाळी पाचपर्यंत स्टुलावर ताठ बसून होते. पोट वाढलेल्या बाईसारखे दोन्ही हात डब्यावर. जेवले नाहीत, कारण जेवायला वाकावं लागतं. आमचा शिपाई पांडू चार वेळा येऊन "कितवो म्हयनो?" असं विचारून गेला. मुलं दारात गर्दी करून खिदळत होती. प्राचार्यांनी बोलावलं, तर नारबा लाकडी बाहुल्यासारखे पावलं टाकत गेले आणि साहेबांनी "बसा" म्हटलं तरी बसले नाहीत. दुपारी तीनला त्यांना एक शिंक आली. ती त्यांनी दाबली, पण सगळी काही दाबली गेली नाही. डबा हलला. त्यांचा चेहरा इतका पडला की दारातली मुलं आपोआप गप्प झाली.

पाचला लाईट आली. बशा पेटीत गेल्या.

सकाळी दहाला आम्ही पेटी उघडली. पहिल्या बशीत तिरफळाच्या चकतीभोवती वलय! मी टाळी वाजवली. नारबांनी पट्टी लावली. "चकती सहा मिलिमीटर, वलय धरून दहा." दुसरी बशी, तीच गत. इस्पितळाच्या औषधाची बशी त्यांनी उजेडात धरली. रुपयाच्या नाण्याएवढा स्वच्छ गोल. "चोवीस." त्यांनी तीनदा मोजलं.

तिसऱ्या बशीत खोबरेलाची चकती जागच्या जागी होती. तिरफळाची सुटून झाकणावर पडली होती. "ही बाद," नारबा म्हणाले. "शिंकेन पडली. नायतर माझ्याच बोटान नीट दाबूक नसतली." त्यांनी ती बाजूला ठेवली आणि बाकीचे आकडे मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवले. "पांडूक सायकल घेवन पाठवतंय. जीप साडेधाक सुटतली. पांडू खंय?"

पांडू बाबलच्याच वाडीतला. तो सकाळी खोली झाडायला आला होता आणि नंतर कुणालाच दिसला नव्हता. तो आला पावणेअकराला. घामाघूम, हसतमुख, हातात गुळाचा खडा.

"नारबांनू, तोंड गोड करा! बाबलान जीप परत धाडल्यान!"

"कित्याक?"

"मी सकाळीच बशी बघलंय. देवान उजवो दिल्यान! 'उ' लिवलेली चकती खाली, 'डा' तशीच चिकटान. तसोच सायकल मारीत गेलंय नि बाबलाक सांगलंय, कालेजात कौल झालो, उजवो पडलो, घरातच बरो होतलंस. बाबल रडाकच लागलो बघा!"

प्रयोगशाळेत जी बशी बाद, ती त्या वाडीत देवाचा शब्द झाली होती. मी पांडूवर ओरडायला तोंड उघडलं, पण नारबांनी हात वर केला. "तेची चूक नाय. 'उ' मी लिवलंय." ते पांढरेफटक पडले होते. थर्मामीटर कानावरून घसरून फरशीवर पडलं आणि फुटलं, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही.

माझ्या मोपेडवर मागे बसून ते आले. वाटेत तिठ्यावर परतलेली जीप चहाच्या टपरीशी उभी दिसली. नारबांनी धावत्या मोपेडवरून उडीच घेतली. ड्रायव्हरला म्हणाले, "माझ्या मागसून ये आणि वाडीच्या तोंडार थांब. कोण काय बोललो तरी हलू नको." मग परत बसले. बाकी सगळी वाट त्यांचे हात माझ्या खांद्यांत रुतलेले होते.

बाबल पडवीत बाजेवर पडला होता. पाय पाटावर, पाटावर केळीचं पान. वास अंगणातूनच आला. तिरफळाचा, आणि त्याखाली दुसरा. बाबलच्या डोळ्यांत तापाची चमक होती. नारबांना पाहून तो उठू लागला. त्याची बायको दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली. दोघांच्या चेहऱ्यांवरून मला एवढं कळलं की नारबा या घरी कित्येक वर्षांनी येत आहेत.

मी समजावलं. वलय म्हणजे काय, बाद म्हणजे काय, बशी उपडी का ठेवतात. घाटावरच्या शुद्ध भाषेत, फळ्यासमोर उभा असल्यासारखा. बाबलने सगळं सौजन्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमी शिकलेले. पण देव काय तुमच्या बशयेत येवचो नाय म्हणान थोडोच आसा?"

नारबांनी कागद पुढे केला. "बाबल, तेल दहा. इस्पितळाचा औषध चोवीस. त्या दहातले सहा तर चकतयेचेच."

"आकडे ऱ्हवांदेत, नारबांनू. देवाक आकडो नसता."

मला त्या माणसाचा संताप आला आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटली. उजेडात त्याच्या घोट्यावरची काळी रेघ मला स्पष्ट दिसत होती. नारबा पायरीवर बसले. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"सुमनचो कौल मी लायल्लंय," ते म्हणाले.

"ठावक आसा. मीव गुरवच, पण भयणीचो कौल, माझो हात कापत होतो. मीच तुमका सांगलंय, तुमी लावा म्हणान."

सुमन ही नारबांची बायको, बाबलची धाकटी बहीण. बाळंतपणाला माहेरी, या घरी आली होती. हे मला तिथे, त्या पायरीपाशी उभं असताना कळलं. नारबांचं लग्न झालं होतं हेही.

"पोरगो गेलो तेच्या दुसऱ्या दिवशी तिका ताप चढलो," नारबा म्हणाले. "बाहेर पावस, खाडयेक पुराचो हौर, तरीची फेरी बंद. इस्पितळात न्हेवचा म्हणजे तिका त्या पाण्यातसून होडयेन घालूक व्हयी. माका भिया वाटला, बाबल. होडी उलाटली तर? घरात ठेवू काय म्हणान देवाक इचारलंय नि डावी पाकळी भिजवन दाबान लायलंय. उजवी कोरडीच टेकवलंय. ती पडाचीच होती. सगळे म्हणाले, देवान घरातच ठेव म्हणान सांगल्यान. देवान कायच सांगूक नाय. मी सांगलंय."

बाबलची बायको दारातच खाली बसली. खाडीवरून कुणाची तरी हाक आली आणि विरून गेली.

"तीन दिवस ती घरात रवली," नारबा म्हणाले. "माका इचारी, कधी बरी होतलंय? मी म्हणा, लवकर." त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले. "ह्या हातान एकदा एक माणूस घरात ठेवलंय. आता ही चकतीव ह्याच हातान लायल्ली आसा. तिचा कायएक ऐकू नको, बाबल. पाया पडतंय तुझ्या."

आणि ते खरोखरच वाकले. त्या सुजलेल्या, घाण वास येणाऱ्या पायाच्या पाटावर त्यांनी डोकं ठेवलं.

बाबल आढ्याकडे पाहत पडून राहिला. मला वाटलं, हा आता एक तर शिवी देईल, नाहीतर ओरडून आम्हाला घालवून देईल. बहिणीचा जीव होता तो. वीस-बावीस वर्षं देवाची इच्छा म्हणून गिळलेला.

"गो," तो शेवटी बायकोला म्हणाला, "माझा धुतलेला धोतार काढ." आणि मग नारबांकडे न पाहता, "जीप खंय आसा?"

बाबलची दोन बोटं गेली, पाय राहिला, माणूस राहिला. हे आधीच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. तिरफळाच्या तेलात काहीच नाही असंही नाही. ते दहाचं वलय पुढे किती वेळा लावलं तरी दहाच्या आसपासच येत गेलं, आणि माझ्या प्रबंधात ते तसंच आहे. वाचणाऱ्याला त्यात विशेष काही वाटणार नाही.

गोव्यापर्यंतच्या खड्ड्यांत नारबांनी तो पाय मांडीवर पंचा घालून धरला होता. इस्पितळात बाबलला ढकलगाडीवर घातलं आणि एका तरुण डॉक्टरने कागद पुढे केला. बोटं कापावी लागतील, कदाचित जास्त, नातेवाइकाची सही हवी. बाबलची बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"पेशंटचं कोण आहे?" डॉक्टरने विचारलं. "तुम्ही कोण?"

नारबांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. 'कोणी नाही, कॉलेजातून आलोय' असं काहीतरी ते पुटपुटू लागले.

"भावोजी आसत माझे," गाडीवरून बाबल म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "सही तेंचीच घेवा. दुसऱ्या कोणाची नको."

डॉक्टरने पेन नारबांच्या हातात दिलं. नारबा कागदावर वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

"सर," ते मला हळूच म्हणाले, "खंय करू सही? माका दिसणा नाय."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं.